मिठाचा हात

आमच्या कँटीनमध्ये मिठाला हात लावायचा अधिकार एकाच माणसाला होता, माझ्या सासूबाईंना. बाकी काहीही कुणीही करावं. कांदा कुणीही चिरावा, पातेलं कुणीही ढवळावं, माझ्या नवऱ्यासारख्या माणसानेसुद्धा पाव कापावेत. मीठ मात्र आईंनीच घालायचं. त्यांच्या अंगात ताप असला तर खुर्ची पातेल्यापाशी नेऊन ठेवायची, पण मूठ त्यांचीच. टेबलांवर मीठदाणी ठेवायला त्यांचा सक्त विरोध. "टेबलावर मीठ ठेवायचं म्हणजे आतल्या बाईला अक्कल नाही अशी पाटी लावायची," असं त्या म्हणायच्या. पुठ्ठ्याची खोकी बनवणारा तो कारखाना, दुपारी सगळे कामगार आमच्याकडे जेवायचे, आणि इतक्या वर्षांत कुणी वरून मीठ मागितलं नव्हतं.

त्यामुळे रस्सा खारट झाला तेव्हा तो एकदम अख्ख्या कारखान्याला खारट झाला.

सुरुवातीला लोक हसले. "काकू, आज पातेल्यात समुद्र आटवलात का?" असं कुणी म्हणालं की आईही हसायच्या. मग ताटांत रस्सा तसाच राहायला लागला. मी चमचाभर चाखून बघितला आणि माझं तोंड वाकडं झालं.

"आई, हात जरा सैल सुटलाय आज."

त्यांनी माझ्या हातातला चमचा घेतला, चाखलं, डोळे मिटून दोन वेळा जीभ फिरवली. "अळणी आहे गं अजून," म्हणाल्या आणि आणखी एक मोठी चिमूट आत टाकली.

मी तोंडाची फटकळ आहे. घरातल्या सगळ्यांचं हे मला सांगून झालंय, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही. पण त्या दिवशी मी काही बोलले नाही, कारण त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना ते खरंच अळणी लागत होतं.

बदल फक्त जिभेत झाला असता तर गोष्ट वेगळी. आई वाळत चालल्या होत्या. त्यांच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. बसल्या जागेवरून उठताना त्या टेबलाची कड धरायच्या आणि क्षणभर तशाच उभ्या राहायच्या, दिवे गेल्यावर माणूस थांबतो तशा. आणि त्या काळवंडल्या होत्या. बोटांच्या पेरांवर, कोपरांवर, ओठांच्या कडेला. नवरा म्हणायचा, शेगडीच्या आचेने. आचेपाशी मीही उभी असते, पण माझ्याकडे बघायला त्याला सवड कुठे होती!

सकाळी पातेलं चढवताना आई कानाला फोन लावून आपल्या मोठ्या बहिणीशी बोलायच्या. मावशी दुसऱ्या गावी मुलाकडे असायच्या, हृदयाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेल्या. "मी अगदी ठणठणीत आहे गं ताई," असं इकडून आई सांगायच्या, आणि बहुधा तिकडून मावशीही तेच सांगत असाव्यात. दोघी एक नंबरच्या खोटारड्या. एकदा आई म्हणाल्या, "ताईला बघून यायचंय रे." तर नवरा म्हणाला, "तुला जिना उतरताना चक्कर येते, तू तिला बघायला जाणार की ती तुला?" ते तेवढ्यावरच राहिलं.

मग मॅनेजरसाहेबांनी नवऱ्याला केबिनमध्ये बोलावलं. कँटीनचं कंत्राट त्याच महिन्यात पुढे चालू राहणार होतं, किंवा नव्हतं. तो परत आला तेव्हा त्याचं तोंड बघूनच मी शेगडी बारीक केली.

"आईची चव गेलीय," तो म्हणाला. "हे बाहेर कुणाला कळता कामा नये. कुणी म्हणजे कुणीही. विचारलं तर म्हणायचं, मीठ नव्या कंपनीचं होतं."

"चव जाऊ दे. तिला काय झालंय ते बघ."

"काय व्हायचंय? बीपी. चक्कर येते, मीठ खाते, आणखी काय पाहिजे? बाबा बीपीनेच गेले ना?"

"मग मोजून तरी आण."

"कंत्राटाचं मार्गी लागू दे, मग नेतो."

बीपी मोजायला त्याला वेळ नव्हता, निदान करायला मात्र होता.

दुसऱ्या दिवसापासून मिठाचा डबा कपाटात गेला आणि कपाटाची किल्ली नवऱ्याच्या खिशात. रस्स्यात मीठ मी घालायचं आणि आईंच्या ताटात बिनमिठाचं वाढायचं, असं त्याने जाहीर केलं. आयुष्यभर जिच्या एका मुठीवर सगळे जेवले, तिच्या हातून मूठ काढून घेतली, आणि ती बाई नुसती मान हलवते हे बघून मला रडूच कोसळलं. त्यांनाही लाज वाटत होती. आपली जीभ आपल्याला फसवतेय असं त्यांना वाटत होतं.

नवरा वाईट माणूस नाही. त्याचे वडील जेवता जेवता त्याच्यासमोर कलंडले होते, तोंड वाकडं, हात लुळा. त्याला तेच दिसत होतं. मिठाचा प्रत्येक कण त्याला बापाचा मारेकरी वाटत होता, आणि अशा माणसाशी वाद कसा घालायचा?

तरी मी घातला. झालं असं, की एका दुपारी भांडी आवरून मी सामानाच्या खोलीत गेले, तर आई जमिनीवर पोत्याला टेकून बसलेल्या. मांडीत खारवलेल्या काकड्यांची बरणी. काकड्या खात नव्हत्या. बरणी तोंडाला लावून त्यातलं खारं पाणी घटाघट पीत होत्या.

"आई!"

"ओरडू नकोस गं," त्या म्हणाल्या. हनुवटीवरून पाणी ओघळत होतं. "हे प्यायलं की बरं वाटतं. उभं राहता येतं मला."

संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. म्हटलं, "तिला त्याने बरं वाटतंय. शरीर उगाच मागत नाही. उद्याच्या उद्या डॉक्टरकडे नेऊया." तो उठला, बरणी उचलली आणि सगळं पाणी मोरीत ओतून टाकलं.

"तुझ्या लाडाने तिला झटका आला तर?" तो म्हणाला. "जबाबदारी घेशील?"

मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बोलायची वेळच आली.

त्या आठवड्यात कारखान्यात तापाची साथ होती. साधा ताप. मला आला, दोन रात्री कण्हले, गेला. नवऱ्याला आला, त्याने जगबुडी झाल्यासारखा दंगा केला, तोही गेला. मग आईंना आला. आदल्या दिवशी दोन उलट्या झाल्या, पोटात दुखतंय म्हणाल्या, तरी सकाळी कामावर हजर. "घरी पडून काय करू? भिंती मोजू?" दुपारी जेवणाची रांग लागलेली असताना त्या पातेल्यापाशी उभ्या होत्या. मी पावाची टोपली घ्यायला वळले. मागे डाव पडल्याचा आवाज झाला. वळून बघते तर आई खाली. आचेपाशी असूनही हात बर्फासारखे गार, आणि डोळे उघडे, पण त्या डोळ्यांनी मला ओळखलं नाही.

मॅनेजरसाहेब रांगेतच होते. ताट टाकून ते धावले आणि त्यांनीच आपली गाडी काढली. मागच्या सीटवर आईंचं डोकं माझ्या मांडीवर. त्या पुटपुटत होत्या, "उतरवा रे कुणीतरी, करपतंय." मी "हो, उतरवलं" म्हणत राहिले. नवरा पुढे बसून सारखा मागे बघत होता आणि प्रत्येक वेळी विचारत होता, "तोंड वाकडं झालंय का? तोंड बघ."

"नाही झालं. तुम्ही पुढे बघा."

हॉस्पिटलमध्ये त्यांना सरळ पडद्याआड नेलं. डॉक्टर तरुण बाई होत्या, बोलायला भराभर. दंडाला पट्टा बांधला, यंत्र घरघरलं, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी पुन्हा मोजलं.

"बीपी फार कमी आहे."

"कमी?" नवरा म्हणाला. "कमी कसं असेल?"

"वरचा आकडा सत्तरसुद्धा नाही. कधीपासून आजारी आहेत?"

"काल ताप आला. उलट्या झाल्या."

"त्याआधी?"

नवऱ्याने मागे बघितलं. मॅनेजरसाहेब पडद्याच्या कडेला उभे होते, हातात गाडीची किल्ली. "त्याआधी काही नाही," तो म्हणाला.

"रोजची औषधं? खाण्यापिण्यात काही बदल? वजन उतरलंय?"

"नाही. काही बदल नाही. ठणठणीत होती."

मला वाटलं तो गोंधळलाय, आठवून सांगेल. दोन्ही हातांत सलाइन लागलं. बाटली रिकामी होत आली, दुसरी लावली. बीपीच्या यंत्रावरचा आकडा जागचा हलेना. साखरही घसरली होती, ती शिरेतून दिली. डॉक्टर नर्सला म्हणाल्या, "एवढं पाणी गेलं, मग चढत का नाही? कुठे जातंय हे?" आणि परत आमच्याकडे वळल्या. आता आवाज भराभर नव्हता, सावकाश होता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"नीट आठवा. काहीही, अगदी क्षुल्लक वाटलं तरी. नुसत्या तापाने आणि उलट्यांनी माणूस एवढा खाली जात नाही."

नवरा खाली बघत होता. त्याच्या कपाळावर घाम आलेला. जीभ ओठांवरून फिरली, आणि नजर पुन्हा साहेबांच्या हातातल्या किल्लीकडे गेली. तेव्हा मला कळलं की तो गोंधळलेला नाही. त्याला सगळं आठवत होतं.

लोकांसमोर मी नवऱ्याला अहो-जाहो करते. घरात अरे-तुरे, बाहेर अहो, असं आमचं लग्नापासून ठरलेलं आहे.

"अरे, बोल ना!" मी ओरडले. "आई मरतेय तिकडे!"

पलीकडच्या खाटेवरचा पेशंटसुद्धा उठून बसला. मग मीच बोलले. एका दमात. मीठ, खारट रस्सा, "अळणी आहे गं", चक्कर, सैल झालेल्या बांगड्या, कपाटाची किल्ली, काकड्यांची बरणी. "ही बाई खारं पाणी पीत होती, डॉक्टर, तेव्हा उभी राहू शकत होती. ते आम्ही बंद केलं. आणि हा रंग तिचा नाही. हा आत्ता आत्ता आलाय."

डॉक्टरांनी आईंचा हात उचलून तळवा उजेडात धरला. तळव्यावरच्या रेघा, त्यात शाई भरल्यासारख्या काळ्या. मी रोज तो हात बघत होते, आणि तळवा मात्र कधी बघितला नव्हता. त्यांनी बोटाने ओठ खाली ओढला. हिरड्यांवरही तसेच डाग.

"मीठ बंद केल्याला किती दिवस झाले?"

"तीन आठवडे," नवरा म्हणाला. त्या खोलीतलं ते त्याचं पहिलं खरं वाक्य.

डॉक्टरांनी नर्सला एका इंजेक्शनचं नाव सांगितलं. "आधी रक्त काढून घ्या, पण रिपोर्टसाठी मी थांबणार नाही." मग आम्हाला म्हणाल्या, "माझा अंदाज चुकला तर या इंजेक्शनने फार काही बिघडणार नाही. पण बरोबर असला आणि मी थांबले, तर..." पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

इंजेक्शन दिलं. मग वाट बघायची.

वाट बघणं हा प्रकार मला जमत नाही. भाजी शिजायची वाट बघताना मी निम्मी भांडी घासून टाकते. तिथे घासायला काही नव्हतं. मी यंत्रावरच्या आकड्याकडे बघत उभी राहिले. तो दोनने वर गेला की माझा श्वास सुटायचा, तीनने खाली आला की अडकायचा. नवरा भिंतीशी उकिडवा बसला होता, आणि त्याच्याकडे बघायची माझी इच्छा नव्हती. त्याचा राग येत होता आणि त्याची दयाही येत होती, आणि दोन्ही एकदम येतात तेव्हा माणसाने काय करायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही.

मॅनेजरसाहेब हळूच म्हणाले, "मला सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत?" मी विचारलं.

"दुसरं कँटीन बघितलं असतं," ते म्हणाले. खरं बोलले म्हणून मी पुढे काही बोलले नाही.

आकडा ऐंशीच्या वर गेला. मग परत खाली नाही आला. नव्वदला पोचला तेव्हा डॉक्टरांनी पहिल्यांदा खुर्ची ओढली आणि बसल्या. आईंच्या कपाळावर बारीक घाम आला, ओठांचा पांढरेपणा गेला. बाहेरची उन्हं कलायला लागली होती तेव्हा त्यांनी डोळे उघडले, छताकडे बघितलं, मग पोराकडे.

"तोंड का असं केलंयस?" त्या म्हणाल्या. "कंत्राट गेलं का?"

तो खाटेच्या कडेवर डोकं टेकून ढसाढसा रडला. एवढा बाप्या माणूस. आई त्याच्या केसांतून सलाइन लावलेला हात फिरवत राहिल्या आणि नर्स "बाई, सुई निघेल" म्हणत राहिली.

रिपोर्ट आले ते डॉक्टरांच्या अंदाजासारखेच. त्यांनी आम्हाला टेबलापाशी बसवून समजावलं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात. त्या एक रस तयार करतात, त्याने अंगातलं मीठ अंगात टिकतं, बीपी धरून राहतं. आईंच्या त्या ग्रंथी हळूहळू सुकल्या होत्या. मीठ लघवीवाटे निघून जात होतं, आणि शरीर जिभेवाटे ते परत मागत होतं.

"म्हणजे तिची चव गेली नव्हती," नवरा म्हणाला.

"चव शाबूत होती. गरज वाढली होती."

"आणि मी ते बंद केलं."

डॉक्टरांनी त्याची समजूत घातली नाही, ते मला आवडलं. पुढचं त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं. "आणखी एक नीट लक्षात ठेवा. आपल्याला ताप आला, अपघात झाला, कुणी वाईट बातमी सांगितली, की या ग्रंथी आपणहून जास्त रस सोडतात. म्हणून आपण धक्का सोसतो. आपल्याला पत्ताही लागत नाही. तुम्हाला सगळ्यांना तोच ताप आला होता ना? तुमच्या शरीराने सांभाळून घेतलं. यांचं आता सांभाळून घेणार नाही. ते तुम्ही करायचं. रोजच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. ताप आला तर दुप्पट. मोठा मानसिक धक्का बसणार असं वाटलं, तर आधी मला फोन करा. तेव्हाही गोळी जास्त लागते."

आई घरी आल्या. महिन्याभरात अंगावर थोडं मांस चढलं, रंग उजळायला लागला. गोळ्या त्या स्वतः घ्यायच्या, घड्याळ लावून, आणि वर आम्हालाच ऐकवायच्या, "माझी ग्रंथी आता डबीत असते." कारखान्यात मीठ मीच घालत होते. कंत्राट राहिलं. कसं राहिलं ते मॅनेजरसाहेबांनाच ठाऊक. जिना चढता-उतरताना आईंना आता टेकू लागत नव्हता. पुढच्या महिन्यात मावशींकडे जायचं ठरलं होतं, आईंनी पिशवीसुद्धा भरून ठेवली होती.

रविवारी सकाळी नवऱ्याचा फोन वाजला. तो बाहेरच्या खोलीत ऐकत उभा राहिला, "कधी?" एवढंच म्हणाला, आणि फोन ठेवला. मावशींच्या मुलाचा होता. मावशी पहाटे झोपेतच गेल्या.

"आईला नाही सांगायचं," नवरा कुजबुजला. "निदान आठवडाभर. तिला धक्का नको."

"उद्या पातेलं चढवताना ती फोन लावेल. कोण उचलणार?"

त्याने भिंतीवर कपाळ टेकलं. "माझ्यामुळे ती ताईमावशीला बघू शकली नाही. आता हेही मीच सांगू? तिचं काही झालं तर?"

"म्हणून लपवायचं? मागच्या वेळी लपवून काय मिळालं?" मी म्हटलं. बोलून गेल्यावर वाईट वाटलं. पण परत घेतलं नाही.

मी डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, लपवू नका. आधी जास्तीच्या दोन गोळ्या द्या, बसवून सांगा, आणि दिवसभर सोबत राहा. चक्कर, उलटी काही झालं तर सरळ घेऊन या.

मी डबीतून जास्तीच्या दोन गोळ्या काढल्या, पेलाभर पाणी घेतलं आणि मागच्या दारी गेले. आई पायरीवर बसून बटाटे सोलत होत्या. साल एकसलग, लांबच लांब, बादलीत लोंबत होतं.

"हे घ्या," मी म्हटलं.

"सकाळची घेतली की मी."

"हो. या जास्तीच्या."

त्यांनी उलटा हात स्वतःच्या कपाळाला लावून बघितला. "ताप नाही मला."

मी फटकळ बाई. मला एक शब्द सुचेना. आईंनी माझ्या तळव्यातल्या गोळ्यांकडे बघितलं. मग माझ्या मागे, दारात उभ्या असलेल्या पोराकडे. बराच वेळ. सुरी त्यांनी खाली ठेवली, अर्धा सोललेला बटाटा पाण्यात सोडला, हात पुसले.

"ताई," त्या म्हणाल्या.

मी तोंड उघडलं, तर त्यांनी बोट वर केलं. "थांब. आधी दे त्या."

गोळ्या त्यांनी जिभेवर ठेवल्या, पाणी प्यायल्या, सावकाश, पेला रिकामा होईपर्यंत. मग बटाट्यांची बादली बाजूला सरकवून मला बसायला जागा केली, आणि माझा हात घट्ट धरला.

"हं. आता सांग."